वास्तूचे परिमाण
भाड्याच्या उत्पन्नासाठी पहिली मिळकत घेणाऱ्या व्यापारी कुटुंबांसाठी

दिवाळीत शारदापूजन होते, जुन्या वह्या बंद होतात, नव्या वहीवर स्वस्तिक उमटते आणि वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष सुरू होते. वर्ष बरे गेले असेल, तर याच सुमारास अनेक व्यापारी घरांतून एक प्रश्न निघतो. हाती राहिलेली शिल्लक पुन्हा मालात घालावी, की एखादी सदनिका किंवा गाळा घेऊन भाडे सुरू करावे? ज्येष्ठ मंडळी म्हणतात, जागेतला पैसा बुडत नाही. नातलगांपैकी कोणीतरी नुकतीच दुसरी सदनिका घेतलेली असते. धाकट्या पिढीला दुकानाची धावपळ नकोशी वाटत असते आणि घरबसल्या येणारे भाडे तिला सुखाचे दिसते. मग एखाद्या लग्नसमारंभातील गप्पांत निर्णय होतो, टोकन दिले जाते आणि हिशेब मागाहून मांडला जातो.

दुकानात मात्र हाच व्यापारी असे कधी करीत नाही. खरेदीचा दर, वाहतूक, हमाली, घट, उधारीचे दिवस, हे सारे मनाशी जुळल्याखेरीज तो मालाला हात लावीत नाही. जागा घेतानाही हीच शिस्त पाळली, तर भाड्याची मिळकत कुटुंबाचा आधार ठरते. ती सोडली, तर तीच मिळकत चालत्या व्यापाराची रोकड गिळून बसते. म्हणून आधी मर्यादा, मग हिशेब आणि शेवटी जागा, हा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी मर्यादा

श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील पाचवे व्रत परिग्रह-परिमाणाचे. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे अतिचार सांगताना परिग्रहाची जी यादी येते, तिचा आरंभच ‘क्षेत्र’ आणि ‘वास्तु’ या शब्दांनी होतो. शेत आणि घर आधी, सोने आणि धनधान्य त्यानंतर. जागेचा मोह किती जुना आहे, हे या क्रमावरून लक्षात यावे.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात या व्रताला ‘इच्छापरिमाण’ असेही नाव दिले आहे. मर्यादा वस्तूंना घालायची ती घालायचीच, पण त्याआधी इच्छेला घालायची, असा त्याचा भाव. तेथे सांगितलेल्या अतिचारांत ‘विस्मय’ आणि ‘अतिभारवहन’ हे दोन आहेत. दुसऱ्याचे वैभव पाहून वाटणारे नवल म्हणजे विस्मय. लोभापायी जनावरावर झेपणार नाही इतके ओझे लादणे म्हणजे अतिभारवहन. नातलगाची सदनिका पाहून आपणही घ्यावी असे वाटणे आणि त्यासाठी न पेलणारे कर्ज डोक्यावर घेणे, या आजच्या दोन चुका त्या दोन शब्दांपासून फार दूर नाहीत.

व्रत घेतलेले असो वा नसो, पहिल्या खरेदीपूर्वी कुटुंबाने एकत्र बसून तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. जागेत एकूण किती रक्कम घालायची, कर्जाचा हप्ता किती पेलायचा, आणि किती जागा झाल्यावर थांबायचे. या बैठकीत घरातील स्त्रियाही असाव्यात. पुढे भाडेकरूचे फोन आणि नळगळतीच्या तक्रारी बहुधा त्यांच्याच वाट्याला येतात.

मग हिशेब

मर्यादा ठरल्यावर आकडे मांडावेत. पुण्याच्या उपनगरातील एक सदनिका उदाहरणादाखल घेऊ. किंमत 60 लाख रुपये. पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभारांसह 7 टक्के, म्हणजे 4 लाख 20 हजार. नोंदणी फी 30 हजार. दिवे, पंखे, गिझर, स्वयंपाकघराची मांडणी आणि रंगकाम यांसाठी दीड लाख धरले, तर सदनिका 66 लाखांना पडली.

भाडे दरमहा 18 हजार मिळाले आणि एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत वर्षात एक महिना जागा रिकामी राहिली, तर वर्षाचे भाडे 1 लाख 98 हजार होते. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स 30 हजार, मालमत्ता कर 10 हजार, दलाली सरासरीने 9 हजार आणि दुरुस्ती 11 हजार, असे 60 हजार वजा जातात. हाती 1 लाख 38 हजार राहतात. 66 लाखांवर हे उत्पन्न दोन टक्क्यांहून किंचित अधिक आहे, आणि आयकर अजून भरायचा आहे.

हीच सदनिका 45 लाखांचे कर्ज काढून घेतली, तर साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे 39 हजार येतो. जागेतून महिन्याला सरासरी साडेअकरा हजार हाती येत असताना उरलेले साडेसत्तावीस हजार कोठून येणार? अर्थात दुकानातून. वर्षाला ही रक्कम 3 लाख 30 हजार होते. भाड्यातून हप्ता फिटेल, असे जे सहजपणे बोलले जाते, ते निवासी सदनिकेच्या बाबतीत बहुधा खरे नसते.

मग लोक सदनिका घेतात त्या का? किंमत वाढेल या भरवशावर. ती वाढतेही, पण सर्वत्र सारखी नाही आणि हवी तेव्हा हमखास नाही. शिवाय ती विकल्याखेरीज हाती येत नाही. म्हणून अपेक्षित भाववाढ हिशेबाच्या वेगळ्या रकान्यात लिहावी. तिच्यावर मासिक हप्त्याची भिस्त ठेवू नये.

खेळते भांडवल हलवू नये

उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाचे वर्णन आहे. त्याच्या संपत्तीचे तीन समान भाग तेथे सांगितले आहेत. चार कोटी सुवर्णमुद्रा निधानात, चार कोटी वृद्धीसाठी म्हणजे व्यापारात, आणि चार कोटी घर-परिवाराच्या विस्तारात. भगवान महावीरांपाशी व्रते घेताना याच आनंदाने आपल्या परिग्रहाची मर्यादा बांधून घेतली. कथा व्रताची आहे, पण व्यापाऱ्याने त्यातील रचनाही पाहावी. अडचणीसाठीचा पैसा, व्यापारातला पैसा आणि घरादारातला पैसा यांचे कप्पे तेथे वेगळे आहेत.

आज गफलत होते ती याच ठिकाणी. कापड दुकानदाराला दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी माल भरावा लागतो. भुसार व्यापाऱ्याला सुगीत रोख मोजावी लागते. वर्षअखेरीस खात्यावर दिसणारी शिल्लक ही अनेकदा पुढच्या हंगामाची खरेदीच असते. ती सदनिकेत गेली, की हंगाम येताच बँकेच्या कॅश क्रेडिटवर ताण पडतो, पुरवठादाराची देणी लांबतात आणि पिढ्यांची पत एका वर्षात डागाळते. सदनिका आठ दिवसांत विकून रोकड उभी करता येत नाही. घाईने विकली, तर भाव पडतो. व्यापाऱ्याच्या भाषेत हा सावकाश उठणारा माल आहे.

म्हणून पुढच्या पूर्ण हंगामाची खरेदी, घरखर्चाची किमान सहा महिन्यांची तजवीज आणि कर्ज असल्यास सहा हप्ते बाजूला काढून जे उरेल, तेच जागेसाठी मोकळे समजावे. काही उरत नसेल, तर ते वर्ष जागेचे नाही, असे मानून स्वस्थ राहावे.

जागेची निवड आणि कागदांची तपासणी

पहिली मिळकत शक्यतो आपल्याच गावात, पायाखालच्या भागात घ्यावी. व्यापारी कुटुंबाला आपल्या पेठेतील भाडी, रिकामे गाळे, नव्याने येणारी कार्यालये यांची माहिती कोणत्याही दलालापेक्षा आधी असते. दूरच्या शहरातील स्वस्त सदनिका नवख्याला महाग पडते, कारण प्रत्येक दुरुस्तीसाठी दुसऱ्यावर विसंबावे लागते. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात मार्गानुसारी गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले, त्यांत घराविषयीही सूचना आहे. घर फार उघड्यावर नसावे, फार आडबाजूलाही नसावे आणि शेजार चांगला असावा. भाड्याने देण्याच्या जागेलाही ही कसोटी लागू पडते.

निवासी सदनिकेला भाडेकरू लवकर मिळतो, पण किमतीच्या मानाने भाडे कमी असते. दुकानाचा गाळा किंवा गोदाम यांचे भाडे किमतीच्या प्रमाणात बहुधा अधिक असते. मात्र एकदा रिकामे झाले, की ते कित्येक महिने बंद राहू शकते. नवख्याने जाहिरातीतील भाडे न पाहता त्याच इमारतीत आज प्रत्यक्ष काय भाडे मिळते, याची चौकशी करावी.

कागदांच्या बाबतीत ओळखीवर भिस्त ठेवू नये. किमान तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यावा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, सूची क्रमांक दोन, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. सोसायटी आणि बँक यांचे येणे बाकी नसल्याचा लेखी दाखला घ्यावा. इमारत बांधली जात असेल, तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद, मुदत आणि चालू दावे पाहावेत. 2016 च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार करण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि विक्री चटई क्षेत्रावर व्हावी लागते. अपूर्ण इमारतीतून भाडे येत नाही, पण कर्जाचे व्याज सुरू होते. म्हणून पहिल्या खेपेला तयार जागाच बरी. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर घेतलेल्या सदनिकेवर जीएसटीही लागत नाही.

व्यवहार 50 लाख रुपये वा अधिक किमतीचा असेल, तर एक टक्का कर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते, हेही विसरू नये. काही रक्कम रोखीने मागितली गेली, तर तेथूनच परतावे. न्यायाने मिळविलेले धन हा हेमचंद्राचार्यांच्या पस्तीस गुणांतील पहिला गुण आहे. व्यवहारातही, कागदावर न आलेला पैसा विक्रीच्या वेळी नफा म्हणून करात परत उभा राहतो.

करार नोंदविल्याखेरीज किल्ली नको

महाराष्ट्रातील जुन्या पिढीला भाडेकरू म्हटले की धास्ती वाटते. तिला कारण आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीशी बांधून टाकली आणि भाडेकरूला काढणे जवळजवळ अशक्य केले. त्यातूनच पागडी रुजली, चाळींची दुरुस्ती थांबली आणि अनेक घरमालकांना स्वतःच्या वास्तूत नावापुरतेच स्थान उरले. हे भाडे गोठविणे आता न्याय्य राहिले नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात नोंदविले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला.

या नाण्याला दुसरी बाजूही आहे. त्याच जुन्या कायद्याच्या आधाराने अनेक व्यापारी कुटुंबांची दुकाने मोक्याच्या पेठांत पिढ्यानपिढ्या अल्प भाड्यात चालली. एकाच घरात एक भाऊ भाडेकरूमुळे त्रस्त आणि दुसरा भाडेकरू म्हणून निर्धास्त, असे चित्र काही दुर्मीळ नाही. अनेकांताची शिकवण येथेही उपयोगी पडते. कायदा एका पक्षाला अन्याय वाटतो, तेव्हा तोच दुसऱ्याला आसरा असू शकतो.

आज जागा दिली जाते ती लीव्ह अँड लायसन्स करारावर. या अधिनियमाच्या कलम 55 नुसार करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोंदणी नसेल, तर वाद उद्भवल्यावर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाऊ शकते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

उलट करार नोंदविला, तर निवासी जागेच्या बाबतीत कलम 24 मालकाच्या पाठीशी उभे राहते. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. ही जलद तरतूद निवासासाठी आहे, दुकान वा गोदामासाठी नाही. तेथे न्यायालयाचा मार्ग धरावा लागतो. म्हणून गाळा देताना माणूस अधिक पारखावा आणि करार अनुभवी वकिलाकडूनच करून घ्यावा.

यासाठी येणारा खर्च पाहिला, तर आळस अक्षम्य वाटतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामत रकमेवरील वार्षिक 10 टक्के मानीव व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का आहे. 18 हजार भाडे, 60 हजार अनामत आणि चोवीस महिन्यांची मुदत धरली, तर बेरीज 4 लाख 44 हजार आणि शुल्क 1,110 रुपये होते. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. नोंदणी ऑनलाइनही होते. त्याचबरोबर भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला आणि सोसायटीला कळवावी. सदनिका भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. राज्य शासनाचा 2001 चा तसा आदेश आहे.

कराचा रकाना

घरभाड्यातून मालकाने भरलेला मालमत्ता कर वजा जातो आणि उरलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के वजावट मिळते. मग दुरुस्ती, दलाली किंवा मेंटेनन्स यांची वेगळी वजावट मिळत नाही. वरच्या उदाहरणात 1 लाख 98 हजारांतून 10 हजार आणि नंतर 30 टक्के वजा जाता 1 लाख 31 हजार 600 रुपये करपात्र उरतात. कर्जावरील व्याज त्यातून वजा होते, पण नव्या कररचनेत घरापासूनचा तोटा व्यापाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. व्याज करात सुटेल, या आशेने कर्ज काढणाऱ्यांनी हा फरक सल्लागाराकडून आधी समजून घ्यावा.

मिळकत कोणाच्या नावे घ्यावी, हाही विचार हवा. स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. मात्र पैसे पतीचे असतील, तर भाडे पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. भावाभावांच्या सामाईक पैशातून खरेदी होत असेल, तर प्रत्येकाचा हिस्सा दस्तातच लिहावा. सोसायटीत नामनिर्देशन केले म्हणजे वारसाहक्क ठरला असे होत नाही. त्यासाठी मृत्युपत्र लागते. आज प्रेमाने तोंडी ठरलेले वाटे पुढील पिढीत कोर्टात जातात, ते बहुधा अशाच एखाद्या गाळ्यावरून.

गाळा वा गोदाम भाड्याने देणाऱ्या व्यापाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्यापारी वापराच्या जागेच्या भाड्यावर 18 टक्के जीएसटी आहे. ज्याची स्वतःच्या नावे जीएसटी नोंदणी आधीच आहे, त्याला हे भाडे लहान असले तरी आपल्या विवरणात दाखवून कर भरावा लागतो.

भाडेकरू हा ग्राहक

पंधरा कर्मादानांत ‘भाडीकर्म’ येते. गाडे, बैल, उंट भाड्याने देऊन ओझी वाहविण्याचा तो व्यवसाय, आणि त्याचा रोख जीवांना होणाऱ्या पीडेकडे आहे. घर भाड्याने देणे त्यात मोडत नाही. पण आपल्या जागेत काय चालते, याविषयी श्रावकाला उदासीन राहता येणार नाही. गाळा कशासाठी वापरायचा आणि कोणते व्यवसाय चालणार नाहीत, हे करारातच लिहावे. आहाराविषयी काही अपेक्षा असेल, तर ती टोकन घेण्यापूर्वी सौम्य शब्दांत सांगावी. राहायला आल्यावर दारावर येऊन सुनावू नये. केवळ जात, धर्म वा आडनाव पाहून दार बंद करणे मात्र श्रावकाला शोभत नाही. कित्येक कुटुंबांचे वडीलधारे परगावी धंद्यासाठी आले, तेव्हा कोणाच्या तरी भाड्याच्या खोलीतच उतरले होते.

चांगला भाडेकरू टिकविणे, हे दोन हजार रुपये भाडे वाढविण्यापेक्षा फायद्याचे असते. वरच्या उदाहरणात एक महिना जागा रिकामी राहिली की 18 हजार जातात. दरमहा हजार रुपये कमी घेऊन तोच माणूस राहिला, तर वर्षाला 12 हजारच सोडावे लागतात. गळती दोन दिवसांत दुरुस्त करावी. भाड्याची पावती द्यावी. जागा देताना भिंती, नळ, दिवे यांची छायाचित्रे काढून दोघांच्या सहीची यादी करावी, म्हणजे जाताना वाद होत नाही.

अनामत रक्कम ही मालकाची कमाई नसून परत द्यायची ठेव आहे. ती व्यापारात न फिरवता वेगळ्या खात्यात ठेवावी आणि किल्ली परत मिळेल त्याच दिवशी, खरे नुकसान वजा करून, द्यावी. रंगाच्या नावाखाली ती अडकवून ठेवणे हा अदत्तादानाचाच एक सभ्य प्रकार आहे. ज्या व्यापाऱ्याने उभ्या आयुष्यात पुरवठादाराचे बिल बुडविले नाही, त्याने परगावच्या विद्यार्थ्याची अनामत बुडवावी, हे त्याच्या पेढीच्या नावाला साजेसे नाही.

अशा रीतीने एक जागा तीन वर्षे सांभाळावी. रिकामे महिने, दुरुस्तीचा खर्च आणि प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम दुकानाच्या खतावणीप्रमाणे वेगळ्या वहीत लिहावी. तिसऱ्या दिवाळीला ती वही उघडून पाहावी आणि पहिल्या बैठकीत लिहिलेला मर्यादेचा कागद तिच्या शेजारी ठेवावा. दुसरी जागा घ्यायची की नाही, हे त्या दोन कागदांवरून घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावे.